बिनउंबऱ्याचं दार

तो जनरेटर आधी बंद करा रे. बहारीनच्या या साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून रात्रभर घरघरच ऐकायची असेल, तर गुदैबियातल्या घरचा आपला एसी काय वाईट होता? हं. आता बरं. मयुरेश, चहाचा थर्मास इकडे सरकव. उद्या शुक्रवार, कुणाला शिफ्ट नाही, तेव्हा घड्याळ बघू नका.

निधीनं मघाशी विचारलं, काका तुम्ही कधी भूत पाहिलंय का. नाही बाई, नाही पाहिलं. एसी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. लोकांच्या गच्च्या, माळे, अंधारे शाफ्ट, सगळीकडे रात्री-अपरात्री शिरलोय. उंदरापलीकडे कुणी भेटलं नाही. पण परीक्षित मेस्त्रीची गोष्ट सांगतो. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. मी सांगतो ते त्याच्या तोंडून ऐकलेलं. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला आता वाद घालायची हौस उरलेली नाही.

चार वर्षं झाली. डिसेंबर लागला होता. परीक्षितला त्याच्या साहेबानं सांगितलं, पिकअप घे, हिद्दला बंदरावर जा, इटलीहून माल आलाय तो सोडवून आण. काम साधं होतं. सीफमध्ये एक मोठं रेस्टॉरंट उभं राहत होतं, आणि मालकाच्या डोक्यात खूळ शिरलं होतं की आत आख्खं इटालियन गाव बनवायचं. दगडी भिंती, अरुंद बोळ, कमानी. नुसती नक्कल नको म्हणून एका जुन्या गावातल्या घरांचे खरे दरवाजे आणि खिडक्या विकत आणल्या होत्या. परीक्षित कंपनीत सुतारकामाचा फोरमन. कुडाळकडचा गडी, बापजाद्यांपासून रंधा हातात. लाकडाला नुसतं नाक लावून झाड कुठलं ते सांगणारा.

मालासोबत त्या गावची एक बाई आली होती, सगळं नीट बसतंय का ते बघायला. परीक्षितचं आणि तिचं पहिल्यांदा छान जमलं. ती मोबाइलवर त्याला गावाचे फोटो दाखवायची. दोन डोंगरांच्या मध्ये घळीत वसलेलं गाव, खाली नदी, सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा कोट, बुरूज, दगडी पायऱ्यांचे रस्ते. वर्षातून एकदा लोक जुन्या काळचे कपडे घालतात, ढोल बडवतात, मशाली घेऊन मिरवणूक काढतात. बाकीचं वर्ष घरांना कुलपं. मुलं मोठ्या शहरांत गेलेली, म्हातारी माणसं मेलेली, आणि आता वारस दारं-खिडक्या विकतायत. परीक्षितला ते ऐकून भडभडून आलं होतं. म्हणाला, "काका, फोटो तिच्या गावाचे होते, पण मला माझीच वाडी दिसत होती."

बाकी दारं बसली. शेवटी उरलं ते एक दार. हे दार अरुंद होतं. माणूस सरळ चालला तर खांदे घासतील इतकं. बाईनं ड्रॉइंगवर दाखवलं: मुख्य दाराच्या शेजारी, जमिनीपासून गुडघाभर उंचावर, भिंतीत पक्कं बसवायचं. खाली पायरी नाही. चौकटीला उंबरा नाही. उघडायचं नाही, मागून विटांनी बंद करायचं. आणि इथं आमच्या मेस्त्रीचं डोकं फिरलं. न उघडणारं दार म्हणजे त्याच्या धंद्याचा अपमान. आणि बिनउंबऱ्याची चौकट? त्याच्या आज्यानं त्याला लहानपणी शिकवलं होतं, दाराला उंबरा नसेल तर घर उघडं पडतं, आतलं-बाहेरचं कळेनासं होतं. त्याला वाटलं, वाहतुकीत उंबरा हरवला असणार आणि बाई कबूल करत नाही.

बाई दोन दिवस मालकाबरोबर कुठेतरी गेली होती. तेवढ्यात यानं उरलेल्या सागाचा सुरेख उंबरा केला. खाली दोन टप्प्यांची पायरी केली. बिजागऱ्यांना तेल दिलं. दार मऊ उघडायला लागलं. दारामागे हातभर खोल कोनाडा, मग सपाट भिंत. विटा काय, बाई आल्यावर लावू, म्हणाला.

आता यांच्या घराण्याची एक रीत. नवीन दार लावलं की उंबऱ्याला हळदीकुंकू, नारळ, आणि पहिलं पाऊल घरातल्या लेकीचं. ज्याचं घर त्यानं लेक आणायची. पण इथं मालक कशाला असलं करतोय? परीक्षितनं बहारीनमध्ये जेवढी दारं लावली तेवढ्यांचा नारळ त्यानं गुपचूप स्वतःच फोडला होता. या वेळी त्यानं बायको मृणाली आणि सावनीला सोबत नेलं. सावनी पहिलीतली, दुधाचे दात पडत होते. सुट्टीचा दिवस, साईटवर कुणी नाही. मृणालीनं उंबऱ्याला कुंकू लावलं, यानं नारळ फोडला, पाणी उंबऱ्यावर शिंपडलं आणि लेकीला म्हणाला, जा बाय, उजवा पाय पुढे.

ती पायऱ्या चढली. आत गेली. त्या हातभर कोनाड्यात भिंतीला तोंड करून उभी राहिली. उभीच राहिली. यानं हाक मारली तरी वळेना. मग म्हणाली, "बाबा, खाली व्हिलेज आहे. लाइट्सच नाहीत."

याला वाटलं, फोटो बघितलेत पोरीनं. तो हसला. मृणाली नाही हसली. तिनं पोरीला दंडाला धरून बाहेर ओढलं तेव्हा पोरीच्या पायांचे तळवे गार पडले होते.

निधी, तू अशी तंबूच्या तोंडाशी बसू नकोस. आत सरक.

त्याच रात्री सावनीला ताप भरला. अंग तव्यासारखं, पाय बर्फ. पायांत दोन-दोन मोजे घातले तरी बर्फच. आणि मध्यरात्रीनंतर ठोकण्याचा आवाज सुरू झाला. परीक्षित उठला, दार उघडलं, कॉरिडॉरमध्ये कुणी नाही. तो आत वळला आणि परत ठोकलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आवाज दारावर नव्हताच. दाराशेजारच्या भिंतीतून येत होता. खालून. गुडघ्याच्या उंचीवरून.

त्या भिंतीपलीकडे कुणाची खोली नाही. जिन्याची पोकळी आहे. आमच्या बिल्डिंगचे एसी मीच केलेत, मला ठाऊक आहे.

तो पोरीपाशी आला. तिचं डोकं उशीवर ठेवून निजवलं होतं, ते आता पायथ्याला होतं. पाय त्या भिंतीकडे. त्यांनी तिला सरळ केलं. झोप लागली नव्हती कुणालाच, नुसते डोळे मिटले. उघडले तेव्हा पाय पुन्हा भिंतीकडे. सरळ केलं. पुन्हा. आपल्याकडे पाय पुढे करून कुणाला नेतात ते तुम्हाला सांगायला नको.

सकाळी डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं नॉर्मल. व्हायरल म्हणाले, पॅरासिटामॉल द्या. परीक्षित तिथून तडक साईटवर गेला, कारण बाई परतली होती.

ती त्या दारासमोर उभी होती. उंबऱ्यावरच्या कुंकवाकडे बघत. परीक्षित म्हणाला, काका, तोवर मी तिला ताई म्हणायचो, पण त्या दिवशी तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी घरात घुसलेल्या कुत्र्याकडे बघतं. तिनं एकच विचारलं, हे उघडलं कुणी? यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, आत कोण गेलं? यानं तेही सांगितलं.

ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं त्याला सांगितलं, जे आधी सांगायला हवं होतं. त्यांच्या गावात जुन्या घरांना दोन दारं असतात. रुंद दार जिवंत माणसांचं. शेजारचं अरुंद, उंचावरचं, ते मेलेल्यांचं. घरात कुणी गेलं की त्या दाराच्या विटा काढायच्या, पेटी त्यातून बाहेर न्यायची, पाय पुढे, आणि लगेच पुन्हा विटा लावायच्या. म्हणजे मरणाला परत यायची वाट कळत नाही. पायरी नाही, उंबरा नाही, कारण कुणी चढून आत येऊ नये. हे दार ज्या घरातलं, तिथली सगळी माणसं प्लेगाच्या साथीत या एका दारानं गेली होती. नंतर ते कधी उघडलंच नाही.

परीक्षितनं विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, "आमच्याकडे माणूस गेल्यावर दार उघडतात. तुम्ही आधी उघडलंत. आता ते कुणीतरी जायची वाट बघणार."

तो तिच्यावर खेकसला, मला हे का नाही सांगितलं? ती म्हणाली, ड्रॉइंगवर लिहिलं होतं, बंद. तुम्हा लोकांना कुठलीही गोष्ट आहे तशी ठेवताच येत नाही. पर्स उचलली आणि निघून गेली. दुपारच्या विमानानं देशही सोडला. मालकाला सांगून जायचं सौजन्यसुद्धा तिनं दाखवलं नाही.

यानं साहेबाला फोन केला, मला ते दार काढायचंय. साहेब म्हणाला, उद्घाटन तोंडावर आलंय, हात लावलास तर तिकीट काढून गावी पाठवीन. काय सांगणार त्याला? पोरीचे पाय फिरतायत म्हणून? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ती रात्र सोळा डिसेंबरची. राष्ट्रीय दिन. तुम्ही बघितलंय, सगळा देश रस्त्यावर असतो. गाड्यांना झेंडे, हॉर्न, तोंडावर फेस उडवणारी पोरं, आकाशात आतषबाजी. साईटवर मात्र चिटपाखरू नाही. परीक्षितनं गवंडी नजीबला सोबत घेतलं. नजीब पेशावरकडचा, दांडगा माणूस, कुणाला न भिणारा. त्याला एवढंच सांगितलं की चूक झालीय, रातोरात विटा लावून टाकायच्या. घरी मृणाली पोरीपाशी. फोन चालू ठेवायचा आणि पोरीचा हात सोडायचा नाही, असं ठरलं.

त्या गर्दीतून सीफला पोचायलाच मध्यरात्र उलटली.

आधी त्यानं पायरी फोडली. मग उंबरा. स्वतःच्या हातानं केलेला उंबरा, पहारीनं उखडला. तो निघताना लाकूड ओरडलं, म्हणाला. दार लोटून घेतलं. नजीबनं सिमेंटचा मसाला कालवला. तिथल्या भिंतींना जुना रंग यावा म्हणून मसाल्यात पिवळी माती घालायचे, तोच मसाला. फोन स्पीकरवर, सिमेंटच्या गोणीवर ठेवलेला. मागून लावायच्या तर दार पुन्हा उघडावं लागलं असतं, म्हणून दाराच्या पुढूनच विटांचा पहिला थर लागला.

बाहेर आतषबाजी दणदणत होती. दुसरा थर. तिसरा.

मग बाहेरचं थांबलं.

फोनवरून मृणाली म्हणाली, "भिंतीतसून ठोकता हा."

"तिचो हात धर. सोडू नको."

"धरलंय."

थर चढत गेले. नजीब गारठ्यानं कुडकुडत होता. एसी बंद होते तिथले, मीच बसवले होते, चालू झालेले नव्हते. तरी तोंडातून वाफ निघत होती. बहारीनमध्ये. डिसेंबर असला म्हणून काय झालं.

कमरेइतकं झालं.

छातीइतकं.

वर हातभर फट उरली. त्या फटीतून दाराची वरची फळी दिसत होती. आणि दार... आतून... ठोकलं.

खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

नजीबच्या हातातली थापी पडली.

परीक्षितनं विटा लावणं थांबवलं नाही. एक. अजून एक.

"बाबा."

तो थांबला.

"बाबा, ओपन कर ना. इथे डार्क आहे."

सावनीचा आवाज. पडलेल्या दातांमुळे बोलताना हवा सुटायची, ती हवासुद्धा. नजीब ओरडला, "भाई, अंदर बच्ची है!" आणि त्यानं विटांना हात घातला. परीक्षितनं त्याला धरून मागे फेकला. दांडग्या नजीबला. कुठून बळ आलं, त्याचं त्यालाच माहीत.

त्यानं फोनला विचारलं, "बाय खंय आसा?"

"हंय. माझ्या कुशीत."

"श्वास घेता?"

फोनमध्ये काहीच नाही.

"मृणाली."

काहीच नाही...

भिंतीतून, "बाबा, मी आहे. खरंच मी आहे. ते खालून वर येतायत. बाबा, ओपन कर."

पोरांनो, तुम्हाला लेकरं नाहीत अजून. मला आहेत. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही. मी विटा फोडल्या असत्या बहुतेक. बापानं दुसरं काय करायचं असतं? पण परीक्षित तिथं उभा होता, हातात एक वीट, आणि एक वीट जाईल एवढीच फट उरलेली. फोडली, तर दार पुन्हा उघडं. लावली, तर...

"मृणाली."

आणि मग फार वेळानं, अगदी बारीक आवाजात, "हां. घेता हा."

त्यानं वीट लावली.

आतला आवाज "बा" म्हणाला.

पुढचं ऐकू आलं नाही.

नजीब तिथून जो गेला तो परत परीक्षितच्या तोंडाला तोंड त्यानं कधी दिलं नाही. दुसऱ्या साईटवर बदली मागून घेतली. समोर आला तर थुंकायचा. त्याच्या लेखी परीक्षित म्हणजे पोरीला भिंतीत चिणणारा माणूस.

मालकानं आधी आरडाओरडा केला, मग गिऱ्हाइकांना ती विटांची भिंत आवडते म्हटल्यावर गप्प बसला. अजून आहे ती. लोक समोर उभे राहून फोटो काढतात. तुमच्यातलेही कुणी गेले असतील, मी विचारत नाही.

परीक्षित पहाटे घरी आला. जिन्यात मला भेटला, मी नमाजाच्या बांगेला उठतो रोज, सवयच आहे. त्याचा चेहरा बघून मीही त्याच्या मागून वर गेलो. दार उघडं होतं. सावनी पलंगावर उठून बसली होती. ताप उतरलेला, पाय गरम. भूक लागली म्हणत होती. पांघरुणाखाली मृणाली पोरीचं मनगट धरूनच होती, धरून धरून तिची बोटं आकसून तशीच राहिली होती, मला एकेक करून सोडवावी लागली. देवाशपथ सांगत होती, रात्रभर एक क्षण हात सोडला नाही, पोर जागची हलली नाही.

परीक्षित सावनीपुढे गुडघ्यांवर बसला. रडत होता. तिला जवळ घ्यायला त्यानं हात पुढे केले.

ती मागे सरकली. भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली. आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मीच तिला चुचकारलं. म्हटलं, बघू बाळा, काय झालंय हाताला. खूप वेळानं तिनं हात पुढे केले.

सगळी नखं तुटली होती. बोटांची टोकं सोललेली. आणि नखांच्या आत, खोलवर, पिवळ्या मातीचा मसाला भरलेला. सीफमधली ती भिंत एव्हाना वाळून दगड झाली होती.

हा अजून ओला होता.